परसातले दुसरे घर

उत्तर अमेरिकेतल्या शहरांमध्ये निवासी वस्त्यांची मांडणी गेली शंभर वर्षे बहुतेक एकाच पद्धतीची राहिली आहे. एक प्लॉट, त्यावर एक घर, त्यात एक कुटुंब. पुढे हिरवळ आणि मागे परस. मूळ घर न पाडता याच प्लॉटवर एक छोटे दुसरे घर बसवता येते. ते तळघरात असते, पोटमाळ्यावर असते, जुन्या गॅरेजचे केलेले असते किंवा परसात सुटे उभे असते. त्याला स्वतःचे दार, स्वतःचे स्वयंपाकघर आणि स्वतःचे न्हाणीघर असते. मालकी मात्र मूळ घराच्या मालकाचीच राहते. कॅलिफोर्नियात अशा घराला ‘एडीयू’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘ग्रॅनी फ्लॅट’. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात घराच्या पोटातले असेल तर ‘सेकंडरी स्वीट’ आणि मागच्या गल्लीकडे तोंड करून परसात उभे असेल तर ‘लेनवे हाउस’. या घरांची सारी कहाणी, म्हणजे बंदी, चोरून राहणे, डोळेझाक आणि शेवटी परवानगी, एकाच ठिकाणी पाहायची असेल तर व्हँकुव्हरइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

बंदीचे मूळ झोनिंगच्या कायद्यांत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखाने, दुकाने आणि घरे एकमेकांपासून दूर ठेवावीत, या हेतूने शहरांचे विभाग पाडले जाऊ लागले. 1926 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात ही विभागणी वैध ठरवली. त्या निकालपत्रात अपार्टमेंटच्या इमारतींना बंगल्यांच्या वस्तीतले बांडगूळ ठरवण्यात आले होते. म्हणजे धुराड्यांपासून घरांचे रक्षण करायला निघालेला नियम लवकरच एका प्रकारच्या घरांचे दुसऱ्या प्रकारच्या घरांपासून रक्षण करू लागला. भाडेकरू, विद्यार्थी, एकटे कामगार, नव्याने आलेले स्थलांतरित यांना चांगल्या वस्तीतून वगळायला वेगळा कायदा करावा लागला नाही. ‘एका प्लॉटवर एकच कुटुंब’ एवढे लिहिले की काम भागत होते. कॅनडानेही हीच वाट धरली आणि व्हँकुव्हरचा फार मोठा भाग एककुटुंबी घरांसाठी राखीव झाला.

माणसे मात्र नियमाप्रमाणे राहिली नाहीत. 1930च्या दशकातल्या मंदीत मोठी घरे सांभाळणे परवडेना, तेव्हा लोकांनी खोल्या भाड्याने दिल्या. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामासाठी हजारो कामगार शहरात आले. त्यांना राहायला जागा नव्हती, म्हणून केंद्र सरकारने युद्धकाळातले अधिकार वापरून महापालिकेचे निर्बंध बाजूला ठेवले आणि घरात भाडेकरू ठेवायला मुभा दिली. युद्ध संपल्यावर 1950च्या दशकात महापालिकेने ही बिऱ्हाडे बंद करायचे ठरवले. ठराव झाले, मुदती दिल्या गेल्या, मुदती वाढवल्या गेल्या. हजारो कुटुंबांना रस्त्यावर काढायची हिंमत कोणत्याच नगरसभेला झाली नाही आणि कायदा बदलायचीही झाली नाही. त्यातून जी स्थिती निर्माण झाली ती पुढे जवळपास अर्धे शतक टिकली: तळघरातली बिऱ्हाडे बेकायदा होती, सर्वांना ठाऊक होती आणि शेजाऱ्याने तक्रार केली तरच निरीक्षक येत असे.

या डोळेझाकीच्या काळातच ‘व्हँकुव्हर स्पेशल’ नावाचा घराचा प्रकार फोफावला. 1965 ते 1985 या दोन दशकांत असली सुमारे दहा हजार घरे शहरात, मुख्यतः पूर्व भागात, उभी राहिली. खोक्यासारखा आकार, कमी उताराचे छप्पर, खालच्या मजल्याला विटांचे तोंड, वरच्याला गिलावा आणि पुढे लांबलचक बाल्कनी. घरमालकाचे सारे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर असे. खालचा मजला जमिनीत खोल न नेता थेट जमिनीच्या पातळीवर ठेवलेला असे आणि नकाशात तो अपूर्ण दाखवला जाई. बांधकाम तपासून गेले की तिथे भिंती घालायच्या, स्वयंपाकाचा ओटा बसवायचा आणि गावाकडून आलेल्या भावाला, आईवडिलांना किंवा भाडेकरूला ठेवायचे. इटालियन, पोर्तुगीज, चिनी आणि पंजाबी कुटुंबांनी या घरांवर आपला जम बसवला. वास्तुरचनाकार अनेक वर्षे या घरांना कुरूप म्हणून हिणवत राहिले. पण दोन पिढ्या आणि दोन बिऱ्हाडे एका छपराखाली कशी राहतील, याचे उत्तर त्या काळात शहरात दुसऱ्या कुणी इतक्या साधेपणाने दिले नव्हते.

1980च्या दशकात महापालिकेने वस्तीवार कौल घेऊन पाहिला. काही वस्त्यांनी, विशेषतः पूर्वेकडच्या, मान्यता दिली. श्रीमंत पश्चिम भागातून विरोध झाला. शेवटी 2004 साली शहरातल्या सर्व एककुटुंबी विभागांत सेकंडरी स्वीट कायदेशीर झाले.

यातला महत्त्वाचा भाग बांधकामाच्या अटींचा आहे आणि तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. जुन्या घराचे तळघर माणसाच्या राहण्यासाठी बांधलेलेच नसते. तिथे घर गरम ठेवणारी भट्टी, पाण्याची टाकी आणि अडगळ असते. छत बुटके, खिडक्या जमिनीलगत आणि अरुंद, आत-बाहेर करायला वरच्या स्वयंपाकघरातून येणारा एकच जिना. असल्या जागेत रात्री आग लागली तर धूर जिन्यातूनच पसरतो आणि झोपलेल्या माणसाची बाहेर पडायची वाटच बंद होते. म्हणून कायदेशीर बिऱ्हाडाला थेट बाहेर उघडणारे स्वतंत्र दार लागते. झोपायच्या खोलीची खिडकी माणूस बाहेर निघू शकेल एवढी मोठी आणि आतून हत्याराशिवाय उघडणारी लागते. वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांमध्ये आग रोखून धरणारा जिप्सम बोर्डचा थर लागतो. स्मोक अलार्म एकमेकांना जोडलेले असावे लागतात. खाली धूर झाला तर वरचाही वाजला पाहिजे आणि वर झाला तर खालचाही.

यातल्या काही अटी नव्या घराला सोप्या जातात, पण जुन्याला अशक्य ठरतात. नव्या घराइतकी छताची उंची मागितली तर जुन्या तळघराची जमीन खणून पाया खाली न्यावा लागतो आणि त्याचा खर्च भाड्यातून कधीच निघत नाही. व्हँकुव्हरने जुन्या घरांसाठी ही उंची साडेसहा फुटांपर्यंत खाली आणली. आग आणि सुटकेची वाट यांबाबत तडजोड केली नाही, उंचीच्या बाबतीत नमते घेतले. कोणती अट जीव वाचवते आणि कोणती केवळ सवयीने चालत आली आहे, हा विवेक फार थोड्या नियमावलींत दिसतो. तो नसला की लोक परवान्याच्या वाटेलाच जात नाहीत आणि भाडेकरू पूर्वीसारखाच अंधाऱ्या, एकाच दाराच्या तळघरात राहतो. व्हँकुव्हर ज्यात आहे त्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेही 2019मध्ये आपल्या बांधकाम संहितेतली एक जुनी मर्यादा काढली. तोपर्यंत दुय्यम बिऱ्हाड 90 चौरस मीटरपेक्षा किंवा घराच्या 40 टक्क्यांपेक्षा मोठे असू नये असा दंडक होता.

तळघरांनंतर लक्ष गेले ते घरामागच्या गल्ल्यांकडे. व्हँकुव्हरचा नेहमीचा प्लॉट 33 फूट रुंद आणि सुमारे 122 फूट लांब, म्हणजे चार हजार चौरस फुटांचा. त्याच्या मागे वीसेक फुटांची सेवा-गल्ली. तिथे विजेचे खांब, कचऱ्याचे डबे आणि रांगेने गॅरेजे. 2008 साली शहराने दाट वस्ती आणि पर्यावरण यांची सांगड घालणारी ‘इकोडेन्सिटी’ सनद स्वीकारली आणि जुलै 2009मध्ये या गॅरेजांच्या जागी छोटी भाड्याची घरे बांधायला परवानगी दिली.

नियम अगदी बेतलेले होते. घर प्लॉटच्या मागच्या 26 फुटांत, म्हणजे एरवी जिथे गॅरेज असते तिथेच, बसवायचे. मूळ घरापासून किमान 16 फूट अंतर ठेवायचे. 33 फुटी प्लॉटवर सुमारे 500 चौरस फूट आणि कितीही मोठा प्लॉट असला तरी 750 चौरस फुटांपर्यंत. दीड मजल्यापेक्षा उंच नाही आणि वरचा मजला खालच्याहून लहान. एवढ्या जागेत खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर छपराच्या उतारात एक झोपायची खोली, जिन्याखाली कपडे धुण्याचे यंत्र, अशी रचना होते. भिंतीला लागून बसायची पेटी, तिच्यात अंथरुणे. खिडक्या शेजाऱ्याच्या परसाकडे न ठेवता गल्लीकडे. पाणी आणि सांडपाण्याच्या नळ्या मूळ घराच्या पुढच्या रस्त्यापासून संपूर्ण प्लॉट खणून मागे आणाव्या लागतात आणि जुनी वाहिनी अपुरी असली तर ती बदलावी लागते. ज्या खर्चाचा अंदाज नव्या मालकाला नसतो, तो बहुतेक या खंदकात जातो.

पहिल्याच फेरीत एक अट अंगाशी आली. प्लॉटवर एका गाडीची जागा ठेवणे सक्तीचे होते, म्हणून 500 चौरस फुटांच्या घरालाच गॅरेज जोडले जाई. तपासणी संपली की अनेकजण त्या गॅरेजची खोली करून टाकत. व्हँकुव्हर स्पेशलच्या तळमजल्याचीच ही पुनरावृत्ती होती. 2013मध्ये नियम सुधारले, क्षेत्रफळ वाढवले आणि एकमजली घराला उत्तेजन दिले. जिना न चढता येणाऱ्या वृद्धांसाठी हा बदल मोलाचा ठरला. 2023मध्ये मर्यादा पुन्हा वाढून प्लॉटच्या एक चतुर्थांश क्षेत्रफळापर्यंत गेली. 33 फुटी प्लॉटवर आता हजार चौरस फुटांचे, दोन-तीन खोल्यांचे घर बसते. मूळ घर, त्यातले तळघरातले बिऱ्हाड आणि मागचे लेनवे हाउस मिळून जिथे एक कुटुंब राहत होते तिथे तीन राहू शकतात आणि रस्त्यावरून पाहिले तर वस्तीचा चेहरा जसाच्या तसा राहतो.

या घरांत राहते कोण? सर्वांत जास्त भाडेकरू. पण कुटुंबातल्याच माणसांसाठी बांधलेली घरेही कमी नाहीत. पुष्कळदा आईवडील मागच्या छोट्या घरात जातात आणि मुले-नातवंडे पुढच्या मोठ्या घरात येतात. वय झाल्यावर ओळखीची गल्ली, ओळखीचा डॉक्टर आणि ओळखीचे शेजारी न सोडता घर लहान करता येणे, हा या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण आहे. पैशाच्या हिशोबात तो धरला जात नाही. भारतातून गेलेल्या कुटुंबांना ही सोय विशेष उपयोगी पडते. कॅनडाने 2011मध्ये आईवडील आणि आजीआजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. 2022पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. नातवंडाच्या जन्माला म्हणून पुण्या-नाशिकहून गेलेले आजीआजोबा इतका काळ दिवाणखान्यातल्या सोफ्यावर काढू शकत नाहीत. जवळ असावे, पण आपली चूल वेगळी असावी, ही गरज त्यांना नीट कळते.

खर्चाची बाजू मात्र कठोर आहे. लेनवे हाउस बांधायला आता चार लाख कॅनेडियन डॉलरपेक्षा अधिक लागणे नेहमीचे झाले आहे. जमीन आधीच आपली असली तरी छोट्या घराचा दर चौरस फुटाचा खर्च मोठ्या घरापेक्षा जास्तच येतो, कारण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हे घराचे सर्वांत महागडे भाग घर लहान असले म्हणून निम्मे होत नाहीत. त्यात व्हँकुव्हरच्या नियमाप्रमाणे लेनवे हाउस मूळ घरापासून वेगळे काढून विकता येत नाही. त्यामुळे ते बांधू शकतो तो ज्याच्याकडे घर आहे आणि ते तारण ठेवून कर्ज मिळते तोच. शहराच्या पूर्व भागातही सुटे घर पंधरा लाख डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही. म्हणजे परसातल्या घराचा पहिला लाभ घरमालकाला होतो; भाडेकरूला मिळते ती चांगल्या वस्तीतली जागा. ती स्वस्त असेलच असे नाही. या घरांनी शहराची घरटंचाई मिटेल असे सांगणारे लोक चुकतात. गरीब कुटुंबांसाठी सरकारी आणि सहकारी घरांना पर्याय नाही.

कागदावरची परवानगी आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत किती अंतर असू शकते, हे कॅलिफोर्नियाने दाखवले. तिथे 1982पासूनच राज्याचा कायदा दुय्यम घरांना अनुकूल होता. पण अटी घालायचा अधिकार नगरपालिकांकडे होता आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला. कुणी झाकलेल्या पार्किंगची सक्ती केली, कुणी फार मोठा प्लॉट मागितला, कुणी जनसुनावणी लावली, कुणी मालकाने तिथेच राहिले पाहिजे असे बंधन घातले. परिणामी लॉस एंजेलिसमध्ये गॅरेजांत हजारो बिऱ्हाडे राहत होती आणि परवाने मात्र हाताच्या बोटांवर मोजावे इतके निघत होते. 2016 आणि 2019मध्ये राज्याने एकामागून एक हे अडसर काढले. ठरलेल्या नियमांत बसणारा अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा आणि त्यावर सुनावणी घ्यायची नाही. बस किंवा रेल्वे अर्ध्या मैलावर असेल तर पार्किंग मागायचे नाही. 750 चौरस फुटांपेक्षा लहान घराला विकास-शुल्क लावायचे नाही. निदान 800 चौरस फुटांचे घर हद्दीपासून चार फूट सोडून बांधू द्यायचे. 2016मध्ये संपूर्ण राज्यात जेमतेम हजारभर परवाने दिले जात होते. 2022पर्यंत हा आकडा वर्षाला वीस हजारांच्या पुढे गेला. जमीन तीच, लोक तेच, घरांची गरजही तीच होती. ऑरेगनमधल्या पोर्टलंड शहराने 2010मध्ये हजारो डॉलरचे विकास-शुल्क माफ केले, तेव्हा तिथेही परवाने असेच वाढले. 2023मध्ये कॅलिफोर्नियाने आणखी एक पाऊल टाकले आणि इच्छुक शहरांना ही घरे स्वतंत्रपणे विकू देण्याची मुभा दिली.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे बहुतेक ठिकाणी सारखे असतात: रस्त्यावर गाड्या वाढतील, सावली पडेल, परसातली झाडे जातील, सांडपाण्याच्या वाहिन्यांवर ताण येईल, खासगीपणा राहणार नाही. सिॲटलमध्ये एका वस्तीच्या रहिवासी संघटनेने सुधारणांना आव्हान दिले. त्यामुळे शहराला पर्यावरणीय परिणामांचा सविस्तर अहवाल करावा लागला आणि निर्णय काही वर्षे लांबून 2019मध्ये झाला. त्या वेळी पार्किंगची आणि मालकाने तिथेच राहण्याची, या दोन्ही अटी रद्द झाल्या. झाडांबद्दलची काळजी खरी आहे आणि तिला उत्तर नियमांतूनच द्यावे लागते. घर गॅरेजच्या जागी बसले तर झाड वाचते, परसाच्या मधोमध बसले तर जाते. पार्किंगबद्दलची भीती मात्र फुगवलेली असते. त्याहून गंभीर धोका पर्यटकांना रोजाने जागा देण्याचा आहे. घर भाडेकरूंसाठी म्हणून परवानगी घ्यायची आणि ते सुट्टीवरच्या प्रवाशांना द्यायचे, असे झाले तर शहराला काहीच मिळत नाही. व्हँकुव्हरने 2018पासून रोजाने भाड्याने देणे मालकाच्या स्वतःच्या राहत्या घरापुरते मर्यादित केले आणि मे 2024मध्ये प्रांतानेही यासंबंधी कायदा लागू केला.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने हा प्रश्न फारसा वाद न घालता सोडवला. 2009पासून तिथे निदान 450 चौरस मीटरच्या प्लॉटवर 60 चौरस मीटरपर्यंतचे ग्रॅनी फ्लॅट ठरलेल्या निकषांत बसले की नगरपालिकेच्या लांब छाननीशिवाय मंजूर होते. सिडनीच्या पश्चिम उपनगरांत अशी घरे आज सर्रास दिसतात.

ब्रिटिश कोलंबियात आता पाऊल आणखी पुढे पडले आहे. 2023च्या अखेरीस प्रांताने कायदा करून बहुतेक शहरांना एककुटुंबी प्लॉटवर तीन-चार घरे आणि वारंवार बस येणाऱ्या भागात सहापर्यंत घरे मान्य करायला लावली. जिथे ते शक्य नाही तिथे किमान एक सेकंडरी स्वीट किंवा परसातले घर. यासाठी जून 2024ची मुदत होती. ज्या प्रांतातल्या व्हँकुव्हरमध्ये जवळपास पन्नास वर्षे तळघरातले बिऱ्हाड बेकायदा होते, तिथे ते किमान मर्यादा बनले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या विषयात रस वाटण्याचे आणखी एक कारण आहे. टोरांटोजवळचे ब्रॅम्प्टन, व्हँकुव्हरजवळचे सरे या शहरांत शिकायला आणि नोकरीला गेलेल्या असंख्य भारतीय मुलामुलींचे कॅनडातले पहिले घर हे तळघरच असते. ब्रॅम्प्टनमध्ये अशा दुय्यम घराची नगरपालिकेकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे. तरीही बिननोंदणीच्या तळघरांत दाटीवाटीने राहणारी मुले आहेत. जागा ठरवण्यापूर्वी चार गोष्टी पाहून घ्याव्यात: बाहेर उघडणारे वेगळे दार आहे का, झोपायच्या खोलीच्या खिडकीतून माणूस बाहेर पडू शकतो का, स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतात का आणि घराची नोंदणी झाली आहे का. मुलांना तिकडे पाठवणाऱ्या आईवडिलांनी भाड्याचा आकडा विचारण्याआधी हे चार प्रश्न विचारावेत.